डुप्लिकेट मामा

माझ्या बहिणीच्या, सुवर्णाच्या लग्नाला तीन आठवडे उरले असताना मी आमच्या सख्ख्या मामांना खोडून टाकलं. यात माझी काहीही चूक नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. गेली कित्येक वर्षं सांगतोय. घरात कोणी ऐकत नाही, म्हणून आता लिहून काढतोय.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर गोंधळ घालणार, अशी भीती होती. (आमच्या घरात तो गोंधळ वेळेआधीच झाला.) मी तेव्हा अंबडच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात होतो. विभाग म्हणजे मी, एक साहेब आणि एक एसी. एसीसुद्धा आमच्यासाठी नव्हता, कॉम्प्युटरसाठी होता! स्टोअरमधल्या हजारो वस्तूंची माहिती नीट लावायची आणि कोणी विचारलं की क्षणात काढून द्यायची, हे माझं काम. एकच बेअरिंग तीन जणांनी तीनदा लिहिलेलं असायचं, त्यातलं एक ठेवून बाकीची दोन उडवायची. साहेब पाठ थोपटायचे. म्हणजे बघा, ज्या कामाबद्दल अंबडला शाबासकी, त्याच कामाबद्दल घरी शिव्या!

घर मखमलाबादला. शेवंतीचा मळा, त्यातच घर. लग्न ठरलं आणि पत्रिकांच्या याद्या निघाल्या. वडिलांची, म्हणजे नानांची यादी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला. थोरल्या भावाच्या, नंदूच्या लग्नातली जुनी यादी पिठाच्या डब्याखाली. आणि आईची यादी डोक्यात, तीही झोपाळ्यावर बसल्याशिवाय बाहेर न येणारी.

"अशानं एकाच माणसाला तीन पत्रिका जातील," मी म्हणालो. "सगळं माझ्याकडे द्या. मी डेटाबेस करतो."

"काय करतो?" नानांनी विचारलं.

"माहिती नीट लावतो. कुठल्या तालुक्यात किती पाहुणे, कोणाचा मान काय, काहीही विचारा. बटण दाबलं की उत्तर!"

"मंग विच्यार त्याला, मांडवाला बांबू किती लागतील."

"नाना, ते त्यात नसतं."

"मंग काय उपेग त्याचा?"

तरीही मी सुट्टीच्या दिवशी ऑफिसात जाऊन (साहेबांच्या परवानगीने! हेही लक्षात ठेवा) सगळी नावं भरली. आधी जुनी यादी, मग नानांची, शेवटी आईची. आता अडचण आली गावाची. माणूस मूळचा घोटीचा, राहायला सिडकोत आणि पत्रिका द्यायची रविवार कारंजावरच्या दुकानात. आई त्याला म्हणणार 'घोटीचे', नाना म्हणणार 'सिडकोतले', आणि जुन्या यादीत नुसतंच 'दुकानवाले'. गावावर विश्वास ठेवण्यात अर्थ नव्हता. म्हणून मी नियम केला: नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव, तिन्ही जुळलं की माणूस तोच. जो आधी लिहिलेला तो राहील, नंतरचे जातील. तुम्हीच सांगा, यात काय चुकलं? कुठल्याही शहाण्या माणसाला विचारा! मी कळ दाबली आणि डोळ्यांदेखत यादी निम्म्यावर आली. मला इतका आनंद झाला की मी साहेबांचा चहासुद्धा पिऊन टाकला.

चूक असलीच तर ती आमच्या भागाची आहे. आमच्याकडे नावंच मोजकी! दर आळीत एक निवृत्ती आणि दर निवृत्तीच्या पोटी एक रामदास. आमच्या यादीत रामदास निवृत्ती जाधव तीन होते. एक आमच्या मळ्याच्या शेजारचे. विहिरीच्या मोटारीवरून भांडण झाल्यापासून नाना त्यांचं तोंड बघत नव्हते, पण नंदूच्या लग्नात दोस्ती होती, त्यामुळे जुन्या यादीत ते सगळ्यात वर. दुसरे पिंपळगावचे निवृत्त मास्तर. आणि तिसरे, आईच्या यादीतले, आमचे घोटीचे मामा. नवरीला बोहल्यावर आणणारे, मंगलाष्टकांना तिच्या पाठीशी उभे राहणारे, तिला पिवळी साडी नेसवणारे सख्खे मामा! कॉम्प्युटरने नियमाप्रमाणे पहिला रामदास ठेवला.

पाकिटांवर चिकटवायची लेबलं तालुक्यावार, गावावार छापून आली. वाटायचं काम नंदूकडे. मी त्याला बजावलं, "आपल्या मनानं काही घालायचं नाही, काही काढायचं नाही. लेबल आहे त्यालाच पत्रिका." नंदूने आयुष्यात माझं एकदाच ऐकलं, ते त्या दिवशी.

घोटीत त्याने मामांच्या भाताच्या गिरणीसमोरच गाडी लावली. मामींनी पोहे दिले, चहा दिला. मग नंदूने गठ्ठा बाहेर काढला. मामा धोतराला हात पुसून पुढे झाले. नंदूने विचारलं, "मामा, हे गव्हाणे कुठं राहतात?" मामांनी गव्हाण्यांचं घर दाखवलं. समोरच्यांचं दाखवलं. गिरणीवरच्या हमालाला पत्रिका मिळाली. मामांच्या भाडेकरूलाही मिळाली, तीसुद्धा सहकुटुंब, सहपरिवार! मामांचे पुसलेले हात तसेच राहिले. नंदू म्हणाला, "येतो मामा," आणि किक मारून निघून आला. त्याला वाटलं, मामांना पत्रिका द्यायला आई स्वतः जाणार. आईला वाटलं, नंदू देऊन आला.

दुसऱ्या दिवशी मामींचा फोन. "ताई, हे जेवत नायेत. म्हनतात, माझ्या हमालाला बोलावनं हाय, मला नाय. त्या लग्नात मी पाय ठेवनार नाय."

आईने फोन ठेवला. "सुवर्णाच्या मागं कोण उभं राहील रे?" एवढंच ती म्हणाली. सुवर्णा आत जाऊन रडायला लागली. माझ्याकडे घरातले सगळे असे बघत होते, की मी मामांचा गळाच दाबून आलोय!

तेवढ्यात दारात शेजारचे रामदास निवृत्ती जाधव! हातात द्राक्षांची पेटी, डोळ्यांत पाणी.

"नाना, तू पयलं पाऊल टाकलं. छापील नाव टाकून पत्रिका धाडली! मोठा मानूस हायेस तू. झालं गेलं इसर."

नानांनी द्राक्षं घेतली, मिठी मारली, पाणी दिलं. शेजारी गेल्यावर नाना माझ्याकडे वळले.

"ज्याचं तोंड बघायचं नाय त्याला बोलावलंस, आन् ज्याच्या पाया पडायचं त्याला उडवलंस! तू खोडलंस ना? जा, तूच लिहून ये."

कोर्टात जाणारं भांडण माझ्यामुळे मिटलं, त्याचं कुणाला काही? छे!

मी घोटीला गेलो. मामा गिरणीत पोत्यावर बसले होते. मला बघून त्यांनी मोटार चालू केली, म्हणजे बोलणं ऐकू येऊ नये. मी ओरडून समजावू लागलो. पुराव्यासाठी छापील कागदही नेला होता.

"मामा, हे बघा! नाव तेच, वडिलांचं नाव तेच, आडनाव तेच. कॉम्प्युटरला कसं कळणार तुम्ही वेगळे?"

मामांनी मोटार बंद केली. "त्याला नाय कळनार. तुला? लहानपनी खांद्यावर बसून माझ्या टोपीत कोन मुतलं? त्याला का तुला?"

"मामा, नियम म्हणजे नियम..."

"नाव माझ्या बापानं ठेवलं. तुला इच्यारून ठेवायला पायजे व्हतं! जा, त्या शेजारच्या रामदासला उभा कर पोरीच्या मागं."

माझी सगळी बुद्धी तिथेच संपली. मी बाहेर ओट्यावर बसून राहिलो आणि खरंच रडायला आलं. मामा आले नाहीत तर सुवर्णा मला जन्मभर माफ करणार नव्हती, आणि मीही स्वतःला केलं नसतं.

इतक्यात एसटीतून आई उतरली. हातात पत्रिका नि कुंकवाची कोयरी. ती माझ्याकडे न बघता आत गेली, मामांना गंध लावलं आणि म्हणाली, "दादा, साडी दाखव."

"कसली साडी?"

"पिवळी. तू घेतली नसशील असं होणार नाही."

मामींनी हसत कपाट उघडलं. साडी केव्हाच आणून ठेवलेली होती, जरीची, भारीतली. मामांनी तोंड फिरवून उपरण्याने डोळे पुसले. "येतो," ते म्हणाले, "पन ह्या पोराशी बोलनार नाय."

लग्नाच्या दिवशी लाउडस्पीकरवरून पुकारा झाला, "मुलीचे मामा श्री. रामदास निवृत्ती जाधव यांनी नवरीला घेऊन ताबडतोब यावे!" आणि मांडवाच्या तीन कोपऱ्यांतून तीन फेटे उभे राहिले! (पिंपळगावच्या मास्तरांना नानांनी मागाहून स्वतः जाऊन पत्रिका दिली होती.) मी आनंदाने नानांची बाही ओढली. "बघा नाना! तिघं! मी सांगत होतो ना, नावं सारखीच आहेत!"

"तिघं हायेत हे आमाला ठाऊक व्हतं," नाना म्हणाले. "तुलाच येक दिसत व्हता."

दोन फेटे खाली बसले. पिवळ्या साडीतली सुवर्णा मामांचा हात धरून आली आणि आईने कितीतरी दिवसांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मीसुद्धा सोडला, पण तो जरा लवकर सोडला.

कारण नंतर मामांकडचा आहेर झाला. नानांना धोतर-टोपी, आईला साडी, नंदूला शर्ट-पँटचं कापड. मी पाटावर बसून हात पुढे केला. मामांनी पिशवी झटकली. रिकामी!

"मामा, माझं?"

मामा इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्याशी बोलले. "तुमी दोगं भाऊ. बापाचं नाव येक, आडनाव येक, घर येक. आधी लिवलेला नंदू. तू डुप्लिकेट निघाला, उडवला."

"पण मामा, आमची पहिली नावं वेगळी आहेत ना! असं कसं? नीट बघायला नको?"

सगळा मांडव हसला. लग्नाच्या फोटोत घरचे सगळे नव्याकोऱ्या कपड्यांत आहेत आणि कडेला ऑफिसच्या चुरगळलेल्या शर्टात एक जण संतापून उभा आहे. पाहुणे अल्बम चाळताना हमखास विचारतात, हा कोण? आणि आमची आई, माझी सख्खी आई, शांतपणे सांगते, "तो होय? तो जास्तीचा आहे."