किप्पूरच्या आधी निघालो तेव्हा

गोंदियाच्या फलाटावर बाबा मला सोडायला आले ते रेल्वेच्या गार्डाची पांढरी पँट घालून. निवृत्त झाले तरी स्टेशनवर जायचं म्हणजे तीच पँट. गाडीला हिरवा झेंडा दाखवला जात होता तेव्हा खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "किप्पूर होईपर्यंत थांबला असतास."

नव्व्याण्णव सालची गोष्ट. किप्पूर आठवड्यावर आला होता. आमचे जुने लोक त्याला दारफाळणीचा सण म्हणत. दिवसभर उपास, घराची दारं बंद, पांढरे कपडे, आणि सगळे मशिदीत. हो, आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, आमच्या प्रार्थनाघराला, सिनेगॉगला, मशीदच म्हणायचो. रुळांपलीकडची कौलारू खोली ती. कोकणातून रेल्वेच्या नोकरीवर आलेल्या आमच्या आजोबांच्या पिढीने वर्गणी काढून बांधलेली. आमच्यात दहा पुरुष जमल्याशिवाय सेफेर तोरा, म्हणजे हाताने लिहिलेली धर्मग्रंथाची गुंडाळी, कपाटातून बाहेर काढत नाहीत. एकेक कुटुंब इस्रायलला जात गेलं आणि त्या वर्षी मला धरून बरोब्बर दहा उरले होते.

मी बाबांना सांगितलं, तिकीट बदलता येत नाही. तुमच्यातले जे तिथे राहिलात आणि जे माझ्यासारखे इकडे आलात, त्या दोघांनाही आज सांगतो: येत होतं. एजंटनं आपणहून विचारलं होतं. मीच नको म्हटलं. अजून एक किप्पूर बाबांशेजारी बसलो तर पाय निघणार नाही, अशी भीती वाटली.

इथे इस्रायलला आलो. मिफालमध्ये, म्हणजे कारखान्यात, लागलो. शनिवारी शब्बाथची सुट्टी संपली की फोन करायचो. "किप्पूर झाला का नीट?" "झाला." बाबा कधी जास्त बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. कपाट त्या दिवशी बंदच राहिलं असणार हे मला कळत होतं. पुढे सेफेर मुंबईला पाठवून दिला, तेही दुसऱ्याकडून कळलं.

बाबा गेले तेव्हा मी पोचेपर्यंत माती झाली होती. संध्याकाळी मशिदीत कदिश म्हणायला गेलो. मुलानं बापासाठी म्हणायची ती प्रार्थना, तिलाही दहा लागतात. आमचे म्हणाल तर मी आणि दोन म्हातारे.

मागून चपलांचा आवाज आला. शेजारचे देवाजीकाका गल्लीतली माणसं घेऊन आले होते. काका बौद्ध, बाबांचे रोजचे चहाचे सोबती. सगळ्यांनी आमच्यासारखं डोकं झाकायचं म्हणून हातरुमाल घेतले होते. खुर्च्या ओढून बसले.

"झाले न दहा? आता म्हण."

"काका, आमच्यात असं चालत नाही. दहाही आमचेच लागतात."

"काऊन? तुया बापाले खांदा आमीच देल्ला. तवा चाल्ला न?"

मी प्रार्थनेच्या पुस्तकाची पानं चाळू लागलो.

"आमेन म्हनाचं असते न? तुया बापानंच शिकवलं आमाले. तू सुरू तं कर."

मी पुस्तक मिटलं. नियम पाळला म्हणा. जे दहा होते त्यांना सोडून मी गेलो तेव्हा नियम आठवला नव्हता. बापासाठी आलेल्यांसमोर मात्र लख्ख आठवला.

कुणी रागावलं नाही. अंधार पडेपर्यंत तशीच बसून राहिली माणसं. निघताना काका म्हणाले, "जेवून घे, पोरा. घरी भात मांडून ठेवला हाये."

इथे परत आल्यावर कदिश रोज म्हटलं. माणसांची वानवा नाही; खुर्च्या पुरत नाहीत. आमेन मोठ्यानं होतो. त्यातल्या एकानंही बाबांना पाहिलेलं नाही.

घर कुठलं, असं कुणी विचारलं की इथला पत्ता सांगतो. पण डोळे मिटले तर कौलारू खोली दिसते, आणि डोक्यावरचा हातरुमाल एका हाताने धरून बसलेली माणसं. अजून बसून राहिलीत. मी सुरू करायची वाट बघून राहिलीत.