सुचलेली जागा

टीव्हीवर तो प्रसिद्ध संगीतकार सांगत होता, "ओळ मध्येच तोडायची ही जागा मला अचानक सुचली." त्याची बोटं मांडीवर ताल धरत होती. माझ्या मनात पाल चुकचुकली. चुलतभावाच्या हळदीला तो पाहुणा म्हणून आला होता, तेव्हाही त्याची बोटं अशीच चालली होती आणि त्याचा मोबाईल गाणाऱ्या बायकांच्या पुढ्यात पालथा पडला होता. मोठ्या माणसांना सुचतं आणि आपल्याला नुसतं आठवतं, असं का असावं?

मग ते गाणं लागलं. हळदीला पुढे होऊन गाणारी माझी काकू शेजारीच बसली होती. ती कान देऊन ऐकत राहिली.

"जागा कसली रे," ती म्हणाली, "तिथे मला दम लागला होता."