मारून राहिला

दीप्ती शहारेला आपल्या बोलीची पहिल्यांदा लाज वाटली ती पुण्यात, एम.ए.ला असताना. मैत्रिणीनं फोनवर विचारलं, ‘काय करतेयस गं?’ ही म्हणाली, ‘जेवून राहिली.’ झालं! ‘जेवून कुठे राहिलीस? परत ये की रूमवर!’ असं म्हणत चौघीजणी आठवडाभर खिदळत होत्या. अहो, आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे ‘जेवून राहिली’ म्हणजे आत्ता, या घटकेला जेवते आहे. कोणी जेवण उरकून मुक्काम ठोकत नाही. पण त्यांना सांगणार कोण? दीप्तीनं मुकाट्यानं ‘जेवते आहे’ म्हणायला शिकून घेतलं. शिक्षण संपवून गोंदियाजवळच्या गोरेगावला परतताना मात्र बसमधूनच आईला फोन लावला आणि म्हणाली, ‘येऊन राहिली वं माय.’

दोन वर्षं नोकरीसाठी चपला झिजवल्यावर तिला पुण्याच्याच एका संशोधन संस्थेचं काम मिळालं. गावोगावच्या बायांचं बोलणं मोबाईलवर टिपायचं आणि पाठवायचं. प्रशिक्षणात तिथल्या मॅडम म्हणाल्या, “ती दलित आहे, बाई आहे, विधवा आहे, पायानं अधू आहे, तिला जमीन नाही. आपण हे सगळं वेगवेगळ्या रकान्यांत मोजतो. पण ते तर एकाच अंगावर एकाच वेळी असतं! हजारो बायांचं असं एकत्र वाचून ताळमेळ लावणं माणसाला जमत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेला जमतं.” दीप्तीनं ते वाक्य न् वाक्य वहीत उतरवून घेतलं. आपल्या आईबद्दल, आजीबद्दल इतकं नीट कोणी बोललेलं तिनं ऐकलं नव्हतं. आणि त्या मॅडम काही लबाड नव्हत्या हो. अगदी मनापासून बोलत होत्या, तेच तर वाईट.

काम असं की बाई बोलली की मशीन ते अक्षरांत उतरवायची. दीप्तीनं ओळ न् ओळ वाचून ‘बरोबर’वर बोट दाबायचं. मग सगळं पुण्याला जायचं. तिथं मशीन त्याचा अर्थ लावून रकाने भरायची. शेवटचा रकाना होता: त्रास चालू आहे की पूर्वीचा? ज्या बाईपुढे ‘चालू’ लागेल, तिचं नाव तिच्या संमतीनं गोंदियातल्या एका महिला संघटनेकडे जाणार आणि आठ दिवसांत दोन कार्यकर्त्या दारात हजर होणार. वकील, आसरा, सगळं त्या बघणार. दीप्तीनं ही नोकरी धरली ती निम्मी या एका रकान्यासाठी.

पावसाळाभर तिनं स्कूटीवरून एकशे त्रेचाळीस बाया गाठल्या. त्यातली एक अंजनामावशी, तिच्या आईच्या माहेरगावची. लहानपणी पोलिओनं डावा पाय गेलेला, नवरा चार वर्षांमागं वारलेला, पोटी मूल नाही. नवऱ्याच्या नावचं एका खोलीचं घरकुल तेवढं होतं आणि त्याच खोलीवर भासऱ्याचा, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाचा, डोळा. शालिकराम त्याचं नाव. अंजना चुलीपुढं बसून, दाराकडं बघत, दबक्या आवाजात बोलली.

“भासरा मारून राहिला वं बाई. घराबाहेर काढून राहिला. मी सहन करून राहिली. जीव मुठीत धरून जगून राहिली.”

मशीननं अक्षर न् अक्षर तसंच उतरवलं. एक काना इकडचा तिकडं नाही. दीप्तीनं वाचलं, डोळे पुसले आणि ‘बरोबर’वर बोट दाबलं. “मावशी, आठ दिवसांत गोंदियाच्या बाया येतेत पाह्य,” ती म्हणाली.

“येतीन ना वं नक्की?”

“नक्की.”

आठ दिवस गेले, पंधरा गेले, महिना गेला. आठवडी बाजारात अंजना काठी टेकत दीप्तीला शोधायची आणि काही न विचारता नुसती तोंडाकडं बघायची. दीप्तीनं पुण्याला हिमांशू सरांना फोन केला. मशीनचं काम त्यांच्याकडं. ते म्हणाले, “यादी मशीनच काढते, मॅडम. नाव असेल तर जाईलच. तसं तुमच्या भागात चालू त्रास फारच कमी दिसतोय. चांगलंच आहे की!” दीप्तीला वाटलं, रांग मोठी असेल. आणि तिनं नाव परस्पर संघटनेला द्यायचं नाही, असा नियमच होता.

तुम्ही म्हणाल, आठ दिवसांचा महिना झाला, तरी ही पोरगी हातावर हात ठेवून बसली? नाही बसली. ती शालिकरामच्या दारात गेली होती. त्यानं तिला चहा पाजला, गोड बोलला आणि रात्री अंजनाचे केस धरून तिला भिंतीवर आपटलं. दीप्तीनं पोलिसांत जायचं म्हटलं तर अंजनाच हात जोडायला लागली. मागं एकदा गेली होती, तेव्हा ‘घरातलं घरात मिटवा’ म्हणून परत पाठवली होती. आणि घरी दीप्तीचे वडील, बकाराम, तालुक्याच्या बुद्धविहार समितीवर. शालिकरामही त्याच समितीवर. ते भडकले. “लोकं आधीच आपल्याले नावं ठेवून राहिले, अन् तू आपल्याच समाजाचा तमाशा करतेस? कायले?” पंचशील रोज म्हणणारा माणूस हो हा! दीप्ती त्या दिवशी वडिलांशी भांडली आणि जेवली नाही. पण अंजनाचं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणं काही थांबलं नाही. वरचे जातीच्या नावानं मारणार, घरातले बाई म्हणून मारणार, आणि घरातल्यांविरुद्ध बोललं की जातीची बदनामी. बाईनं जावं कुठं?

दिवाळीनंतर संस्थेचा अहवाल मोबाईलवर आला. छान रंगीत चित्रं. गोंदियाचं पान दीप्तीनं उभ्या उभ्या उघडलं. ‘या जिल्ह्यातील वंचित स्त्रियांच्या बोलण्यात सर्वाधिक येणारा शब्द “राहिली” हा आहे. मार खाऊनही त्या राहिल्या, सहन करून राहिल्या, जगून राहिल्या. एकापेक्षा अधिक प्रकारची विषमता वाट्याला येऊनही टिकून राहण्याचा हा चिवटपणा लक्षणीय आहे. बहुतांश त्रास पूर्वीचा असून सध्याची स्थिती स्थिर आहे.’

दीप्तीनं खाली बसून ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

एकशे त्रेचाळीस बाया ‘आत्ता, या घटकेला’ असं सांगत होत्या आणि मशीननं त्या जवळजवळ सगळ्या भूतकाळात ढकलल्या. चूक सापडणार तरी कशी? शब्द बरोबरच होते. पुण्याच्या मुलीला ते वाकडे वाटले असते, तिनं थांबून विचारलं तरी असतं. दीप्तीला ते कशाला खटकतील, ती तर त्याच बोलीत वाढलेली! तिच्या कानाला अर्थ लख्ख होता, म्हणून तर तिनं बोट दाबलं. एकदा नाही, एकशे त्रेचाळीस वेळा. ज्या शब्दावरून पुण्यात हसू झालं, तोच शब्द आपण डोळे मिटून पुण्याला पाठवला, हे तिच्या जिवाला लागलं. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावी असं वाटलं तिला.

तिनं हिमांशू सरांना फोनवर सगळं फोडून सांगितलं. ते चांगलेच ओशाळले. मग म्हणाले, “पण मजकूर तर तुम्हीच तपासून पास केलाय. आता हातानं बदल करायचा तर समितीची मंजुरी लागते. दहा दिवस द्या.”

“सर, एक नाव तरी आज पाठवा.”

“एकाच नावाला वेगळा नियम कसा लावणार?”

सहाव्या दिवशी शालिकरामनं अंजनाला ओट्यावरून ढकललं. चांगला होता तोच पाय खुब्यात मोडला. सरकारी दवाखान्याच्या कागदावर शालिकरामनंच लिहवलं, पाय घसरून पडली.

दीप्तीनं मग नियम मोडून त्या संघटनेला स्वतःच फोन लावला. तिकडची बाई भली होती, हळहळली. पण म्हणाली, “उठता-बसता न येणारी बाई ठेवायची सोय आमच्याकडं नाही हो. सोबत कोणी राहणार असेल तर बघू.” दीप्तीनं आईला विचारलं, तू राहशील का. आईनं बकारामकडं बघितलं आणि मान खाली घातली.

अंजनाला सुट्टी मिळायच्या दिवशी दीप्ती दवाखान्यात गेली. अंजनाच्या खाटेशी बसून तिनं सगळं कबूल केलं. “मावशी, तू ‘मारून राहिला’ म्हणली ना, तं मशीनले वाटलं का आधी मारत होता, आता नाई मारत. अन् मीच बरोबर आहे म्हणून बोट दाबलं.”

अंजनानं ते समजून घ्यायला वेळ घेतला. “म्हंजे माहं बोलणंच चुकलं का वं?”

“नाई मावशी, तुहं नाई चुकलं.”

“चुकलंच असन. शाळेत गेली असती तं नीट बोलली असती. तू काऊन रडतेस? मले सांग ना, कसं म्हणाचं होतं?”

दीप्ती ओढणीनं डोळे पुसायला लागली. अंजनानं तिचा हात हलवला. “सांग ना वं. दुसऱ्या बारीले तसंच म्हणीन.”

“मारत आहे,” दीप्ती कशीबशी म्हणाली.

“मारत आहे,” अंजना म्हणाली. नवा धडा मिळालेल्या पोरीगत तिनं ते पुन्हा पुन्हा घोकलं. “भासरा मले मारत आहे. मारत आहे.”

तेवढ्यात शालिकराम सुट्टीचा कागद घेऊन आत आला. “चाल वं, ऑटो उभा आहे,” तो म्हणाला, आणि अंजनाचे ओठ हलायचे थांबले.