वसईचा चुना आणि आमच्या मठाची भिंत

देव आहे की नाही, या वादात मी कधी पडले नाही. वेळच नव्हता. मला पत्रकं लिहायची असत. जुन्या इमारती पाडणाऱ्यांविरुद्ध, दगडी कमानींना ऑइलपेंट फासणाऱ्यांविरुद्ध, आणि सगळ्यात जास्त आमच्याच विणकर समाजाच्या मठाच्या विश्वस्तांविरुद्ध. नागपुरातल्या आमच्या या मठाचा सभामंडप चुन्यात बांधलेला. भिंती हातभर जाड. ओल आली, पोपडे सुटले, की या मंडळींना एकच उपाय सुचतो: सगळं खरवडा, सिमेंट मारा, वरून टाइल्स ठोका. न्हाणीघरात लावतात तसल्या चकचकीत टाइल्स, महाराजांच्या समाधीमागे! अशा लोकांच्या सभेत मी नमस्कार करून बसायचं? मी उभी राहूनच बोलायचे, आणि नमस्कार राहून जायचा.

मागच्या वर्षी जुन्या वास्तूंच्या एका शिबिरात वसईचा किल्ला पाहिला होता. तिथे पोर्तुगीजांच्या काळातले ख्रिस्ती संन्याशांचे मठ आहेत. छपरं गेली, पण कमानी उभ्या आहेत. मधे चौक, भोवती ओवऱ्या. संन्याशांनी न बोलता फेऱ्या घालाव्यात अशा. चर्चच्या जमिनीत थडग्यांच्या शिळा, त्यांवर नावं आणि घराण्यांची चिन्हं कोरलेली. जुन्या गिलाव्यावरून मी हात फिरवला. शिबिरात शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं की चुना भिंतीतली ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडून ठेवतं. धर्म वेगळा, राज्य परकं, आणि मला मात्र तिथे उभं राहून आमचाच मठ आठवत होता. आमच्याकडेही चौक, आमच्याकडेही ओवऱ्या. घरी आल्याबरोबर पत्रक काढलं. वर त्या कमानीचा फोटो, खाली मथळा: ‘वसईचे मठ उभे, मग आपला मठ का गाडता?’ बसस्टँडवर, बाजारात, पार बुटीबोरीच्या कारखान्यांपर्यंत गठ्ठे वाटले.

मुख्य विश्वस्त नामदेवकाका. आयुष्य हातमागावर गेलेलं. पत्रक वाचून म्हणाले, “उदाहरण द्याले तुले फिरंग्यांचेच मठ सापडले का वं?” पण मी सोडते थोडीच? शेवटी वैतागून त्यांनी समाधीमागची एक भिंत माझ्या हवाली केली. मंगळवारी गिलावा कर, शनिवारी आम्ही पाहू. टिकला तर चुना, नाही तर सोमवारी ठेकेदार.

मी काही कसर ठेवली नव्हती. चुना आधीपासूनच महिनाभर खड्ड्यात भिजवलेला, वाळू चाळलेली, पकड यावी म्हणून बेलफळाचं पाणी घातलेलं. गवंडी मिळवताना नाकी नऊ आले होते. आणि शनिवारी सकाळी भिंतीवर ही जाळी! भेगाच भेगा. बोट लावलं की पीठ. विश्वस्तांपैकी एकाने तेवढ्यात साधून घेतलं: “पोरीनं मठालेच चुना लावला गा!” सगळे हसले. काका हसले नाहीत, पण म्हणाले, “सोमवारी ठेकेदार येईन. आता पत्रक नको काढू.”

ते गेल्यावर मी समाधीसमोर बसले. प्रार्थना वगैरे नाही, सरळ भांडण. म्हटलं, भिंत तुमची, भक्त तुमचे, विश्वस्त तुमचे. मीच काय ठेका घेतलाय? मला जमत नाही. आता तुमचं तुम्ही बघा.

दुपारी, मे महिन्याच्या त्या भट्टीत, जेव्हा नागपुरात कुत्रंही सावली सोडत नाही, तेव्हा घामाघूम झालेली एक म्हातारी बाई दारात आली. गळ्यात क्रूस, हातात तेलाने पारदर्शक झालेला कागद. माझंच पत्रक! मला वाटलं, आता ही तक्रार करणार की आमच्या चर्चचा फोटो का छापला. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. वर बोलले, “काही आक्षेप असेल तर लेखी द्या.”

“आक्षेप कसला गं? आलूबोंडा होता यात,” ती म्हणाली. “मुलाने आणला. तो बुटीबोरीला कामाला आहे. कागद उलगडला तर आमच्या वसईची कमान, खाली या मठाचा पत्ता! म्हटलं, नागपुरात आपल्याकडचं कोण आहे, बघून यावं.”

तेरेझामावशी त्यांचं नाव. वडील चुन्याचे गवंडी, वसईकडच्या गावातल्या चर्चच्या भिंतींना गिलावा करण्यात आयुष्य गेलेलं. त्यांनी चपला काढल्या, समाधीला हात जोडले आणि भिंतीपाशी गेल्या. नखाने जरा खरवडलं. “चुना चांगला आहे. वाळू पण. उपाशी मारलास तू याला. पाणी कुठे दिलंस? आमच्याकडे अर्धं काम समुद्राची हवा करते. इथे कोण करणार? चुना वाळवायचा नसतो पोरी, जपायचा असतो. तीन आठवडे ओला ठेव. पण या उन्हात कसा ठेवायचा ते मला नाही ठाऊक.”

तीन आठवडे! माझ्याकडे दोन दिवस होते.

काका बाहेर ओट्यावर होते. मी गेले. आजवर त्यांच्यापुढे मागण्या ठेवल्या होत्या, निवेदनं ठेवली होती. त्या दिवशी हात जोडले. म्हटलं, “काका, चूक माझी झाली. वसईचं सगळं उचलून आणलं, पण इथलं ऊन विसरले. तीन आठवडे द्या. आणि ओल कशी टिकवायची तेही मला येत नाही. तुम्हाला सुचतं का?”

 ते म्हणाले, “विणकराची पोरगी ना तू? उन्हाळ्यात ताण्याचा धागा तुटू नये म्हणून मागापाशी ओले पोते काहून लटकवत होतो आम्ही? इसरली?”

मी खरंच विसरले होते. माझ्याच घरात, माझ्याच आजोबांच्या मागापाशी दर उन्हाळ्यात जे पाहिलं, ते एकाही पत्रकात नव्हतं. मावशींना त्यांच्या समुद्राची हवा माहीत, काकांना ओली पोती. दोघांनी मिळून भिंतीचा इलाज ठरवला, आणि मी पहिल्यांदाच गप्प बसून ऐकलं.

खराब गिलावा काढून नवा केला. ठेकेदाराला काकांनी स्वतः थांबवलं. पोती टांगली. सकाळच्या आरतीला येणाऱ्या बायका जाता जाता पाणी मारायच्या, दुपारी मी, संध्याकाळी काका. तीन आठवड्यांनी विश्वस्त पुन्हा जमले. काकांनी किल्लीने भिंत खरवडली. पीठ पडलं नाही. शाबासकी वगैरे त्यांच्या स्वभावात नाहीच. म्हणाले, “मंग? बाकीच्या तीन भिंती कोण भिजवून राहिलं?”

याला चमत्कार म्हणा, असं मी कोणाला सांगणार नाही. आलूबोंडे रोज विकले जातात, कशात ना कशात बांधलेच जातात. मावशींना एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “माझ्या देवाने पाठवलं, तुमच्या महाराजांनी बोलावलं, त्यात काय एवढं?” मला एवढंच ठाऊक आहे की ‘मला जमत नाही’ हे मी जन्मात पहिल्यांदा बोलले, आणि त्याच दुपारी दार वाजलं. ते भांडणही ऐकून घेणाऱ्याची मी ऋणी आहे. पत्रकं अजूनही लिहिते, तितकीच कडक. पण सभेत आता बसून बोलते, आणि बसण्याआधी नमस्कार करते.