तातडीने पोहोचलेली मदत

सोलापुरातल्या आम्हा प्रसूती आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची एक संघटना आहे आणि मी तिची दोन वर्षं सचिव होते. सचिवाने काय करायचं, तर सभेचा वृत्तांत लिहायचा, हॉलवाल्याशी हुज्जत घालायची, व्यासपीठावर खुर्च्या किती आणि रुसणारे किती याचा मेळ बसवायचा, शिवाय समईत तेल आहे ना ते बघायचं. नवरा म्हणायचा, "डॉक्टरकी सोडून मंगल कार्यालय काढलंस वाटतं." मी चिडायचे, कारण तो खरं बोलत होता.

तरी संघटनेवर माझा जीव होता, आणि त्याला कारण होतं. दवाखाना टाकून मला जेमतेम सहा महिने झाले होते. एका बाईचं बाळ झालं, वार पडली आणि गर्भाशय काही आवळेना. रक्त थांबायचं नाव घेईना. मी संघटनेतल्या एका ज्येष्ठ मॅडमना फोन केला, त्यांनी पुढे तिघांना. वीस मिनिटांत चार जण माझ्या दवाखान्यात होते. एक जण थेट लग्नातून आल्या होत्या, पैठणी वर खोचून त्या थिएटरमध्ये शिरल्या. एका सरांनी स्वतःच्या गाडीतून रक्ताच्या पिशव्या आणल्या. बाई वाचली. इतका वेळ काय करत होतीस, असं मला कुणी विचारलं नाही. सिस्टरने केलेला चहा पिऊन सगळे आपापल्या घरी गेले. संघटना कशासाठी असते, ते मला त्या दिवशी कळलं.

पुढे फोनाफोनीची जागा मोबाइलवरच्या ग्रुपने घेतली. कुणाकडे रक्तस्राव थांबेना झाला की ग्रुपवर एक ओळ टाकायची, जवळ असेल त्याने "निघालो" लिहायचं आणि निघायचं, असा आमच्यात रिवाजच पडला. डॉक्टरचे दोन्ही हात अडकलेले असतात, म्हणून डॉक्टरच्या फोनवरून ओळ सिस्टरने टाकली तरी चालायची. कितीतरी बायका त्या एका ओळीवर घरी गेल्या असतील. त्यांना हे माहीतसुद्धा नाही.

मग त्याच ग्रुपवर वाढदिवस सुरू झाले. नंतर लग्नाचे वाढदिवस, मुलांचे निकाल, सुप्रभातची फुलं, कुणाला कुठलं पदक. एकाने फुलं टाकली की पन्नास जणांनी हात जोडायचे. फोन सारखा वाजतो म्हणून बऱ्याच जणांनी ग्रुपचा आवाजच बंद करून टाकला. तातडीच्या निरोपांसाठी वेगळा ग्रुप काढावा असं सगळ्यांनाच वाटत होतं. तीन सभांमध्ये विषय निघाला आणि तिन्ही वेळा घोडं एकाच ठिकाणी अडलं. नवा ग्रुप चालवायचा कुणी? माजी अध्यक्ष म्हणायचे ज्येष्ठांनी, विद्यमान अध्यक्ष म्हणायचे पदाधिकाऱ्यांनी. घोंगडं भिजत पडलं. "विषय पुढील सभेत घ्यावा" असं वृत्तांतात तिन्ही वेळा मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं.

नव्या अध्यक्षांच्या पदग्रहणाचा रविवार उजाडला. होटगी रोडवरचा हॉल, पाहुणे पुण्याहून. सकाळीच आमच्यातल्या सगळ्यात तरुण सदस्येचा फोन आला. ती मूळची बार्शीची, वडील तिथल्या एसटी डेपोत मेकॅनिक. अक्कलकोट रोडला वर्षभरापूर्वी तिने छोटा दवाखाना टाकला होता. म्हणाली, "मॅडम, एक पेशंट कळा देतेय. मला नाही जमणार यायला." मी म्हटलं, "एक दिवस तर यायचं गं. कळा काय, रोजच्याच." हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. प्रसूतितज्ज्ञाच्या तोंडून.

एक वाजून दहा मिनिटांनी तिच्या सिस्टरने ग्रुपवर ओळ टाकली. दवाखान्याचं नाव, "रक्तस्राव थांबत नाही, या." तेव्हा आम्ही टाळ्या वाजवत होतो. एक वाजून बारा मिनिटांनी मी अध्यक्षांच्या सत्काराचे अकरा फोटो टाकले. ग्रुप न बघता टाकले. फोन उघडायचा, फोटो निवडायचे, पाठवायचे, झालं. त्या फोटोंखाली अभिनंदनाचे हात जोडले जाऊ लागले. दहा, वीस, तीस.

नंतर त्या सिस्टरनेच मला रडत सांगितलं. डॉक्टरने आतून विचारलं होतं, "उत्तर आलं का?" तिने फोन बघितला आणि म्हणाली, "व्हय मॅडम, लई जनांनी हात जोडल्यात. येतेत की सगळी." तिला वाटलं, हे हात तिच्या ओळीला आहेत. आम्ही येतोय या भरवशावर त्यांनी पेशंटला तिथंच धरून ठेवलं. एरवी त्यांनी तिला तेव्हाच मोठ्या दवाखान्यात हलवलं असतं.

मी पावणेदोनला जेवणाच्या रांगेत उभी होते. शेंगाचटणी वाढून घेतली आणि फोटो कुणाकुणाला आवडले ते बघायला ग्रुप उघडला. वर सरकवता सरकवता ती ओळ दिसली. ताट तिथंच ठेवून आम्ही तिघी पळालो.

पोचलो तेव्हा दोन वाजत आले होते. ती पोरगी रक्त थांबावं म्हणून एक मूठ आत आणि दुसरा हात पोटावर दाबून तशीच उभी होती, तासभर. खांदे थरथरत होते. आमच्याकडे बघून ती एवढंच म्हणाली, "आलात." अँब्युलन्स बोलावली, रक्त मागवलं, करायचं ते सगळं केलं. अडीच वाजता माझ्या बोटांखाली नाडी लागेना झाली. बाई चोवीस वर्षांची होती. दारात तिची आई बसली होती, दुधनीकडची, मांडीवर तासा-दीड तासाचा नातू. मी बाहेर आले तशी ती माझं तोंड बघून कानडीत "यव्वा", आई गं, म्हणाली.

तोडफोड झाली नाही, तक्रार मात्र झाली. दुसऱ्याच दिवशी संघटनेची तातडीची सभा भरली. अध्यक्ष म्हणाले, "ती तिकडं मरत होती आणि हे इकडं जेवत होते असं पेपरात आलं तर?" त्यात खोटं काय आहे, असं विचारायला हवं होतं. मी मूग गिळून बसले. ठरलं ते असं. जुना ग्रुप बंद करायचा, सगळ्यांनी आपापल्या फोनमधून तो पुसून टाकायचा. तातडीसाठी नवा ग्रुप काढायचा. तीन सभा अडलेला ठराव पाच मिनिटांत मंजूर झाला, आणि तो चालवणार कोण हे कुणी विचारलंही नाही. शिवाय सदस्येच्या पाठीशी उभं राहणारं पत्र संघटनेने द्यायचं. पत्र अर्थातच सचिव लिहिणार.

मी लिहिलं, "डॉक्टरांनी प्रयत्नांची शर्थ केली. संघटनेचे सदस्यही तातडीने पोहोचले." तिला वाचायला दिलं. ती एका शब्दावर थांबली. "मॅडम, तातडीने?"

"पत्राची भाषा अशीच असते. तुझ्याच बाजूचं आहे ते," मी म्हटलं. "आणि तो ग्रुप पुसलास ना? लिहिलेलं पुढे उलटतं." तिने माझ्यासमोर फोन काढला आणि पुसला. माझ्यावर तिचा विश्वास होता. मी मात्र माझ्या फोनमधला पुसला नव्हता. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. भीती असावी. गरज पडली तर असू द्यावं, एवढाच विचार असेल. कुणाची गरज, ते तेव्हा कळलं नाही.

चौकशी समितीपुढे संघटनेतर्फे मी हजर होते. समितीतल्या डॉक्टरांनी आमचंच पत्र पुढ्यात ठेवलं. तिला म्हणाले, "रक्तस्राव एकच्या सुमारास सुरू झाला. मदत आली दोनला. संघटना म्हणते, मदत तातडीने आली. मग तुम्ही बोलावलंत कधी?"

"एक दहाला, सर."

"काही दाखवता येईल?"

तिच्याकडे दाखवायला काही नव्हतं. सिस्टरचा जबाब होता, पण ती पडली तिच्याच पगारावरची. मग त्यांनी मला विचारलं, "सचिव मॅडम, तुम्हाला निरोप कधी कळला?"

ती माझ्याकडे बघत होती. डोळ्यांत राग नव्हता, नुसती वाट बघणं होतं. माझी पर्स मांडीवर होती आणि पर्समध्ये फोन. मी म्हटलं, "पावणेदोनला."

हे खोटं नव्हतं. म्हणून तर मला माझी जास्त किळस येते. खोटं बोलले असते तर निदान खोटारडी म्हणवून घेता आलं असतं. मी खरं बोलून तिचा गळा कापला. अहवालात आलं की उपचारांत चूक नाही, मात्र मदत उशिरा मागितली. कारवाई काही झाली नाही. अध्यक्ष मला म्हणाले, "बघा, सुटली की नाही पोरगी?"

पोरीने दवाखान्याची पाटी उतरवली. आता ती बार्शीत बाह्यरुग्ण विभाग बघते, बाळंतपणं घेत नाही. इतके मऊ, इतके शहाणे हात मी फार कमी बघितलेत. एकदा रस्त्यात दिसली. "कशी आहेस" विचारलं, तर "बरी आहे मॅडम" म्हणाली आणि माझ्या मुलाची चौकशी केली. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

नवा ग्रुप छान चालतो. तिथं कुणी फुलं टाकत नाही. त्यामुळे बायका वाचल्यात, आणि अध्यक्ष ते प्रत्येक भाषणात सांगतात. त्या बाईचा उल्लेख कुणीच करत नाही.

गेल्या महिन्यात ओपीडीत एक म्हातारी आली. बरोबर पाच महिन्यांची गरोदर मुलगी आणि अडीच-तीन वर्षांचं पोर. मी ओळखलं नाही. तीच म्हणाली, "वळकलं न्हाय व्हय म्याडम? दुधनीची मी. माजी थोरली गेली की तितं, अक्कलकोट रोडला." तिने बरोबरच्या मुलीकडे हात केला. "ही धाकटी. हिला मी दुसरीकडं कुटं न्हेत न्हाय. त्या बाईनं येळंवर बोलिवलं असतं तर थोरली ऱ्हायली असती, सायबानं कागद वाचून दाकवला आमास्नी. तुमी तर पळत आलता. म्या बगितलंय माज्या डोळ्यांनी. हिला तुमच्याच पदरात टाकते बगा."

बोलायची वेळ होती. खोलीत समिती नव्हती, अध्यक्ष नव्हते. धाकटी माझ्याकडे बघून लाजून हसली. माझ्या तोंडातून शब्द आला, "बसा." मग मी तिचा रक्तदाब बघितला, वजन घेतलं, गोळ्या लिहिल्या, पुढच्या महिन्याची तारीख दिली.

निघताना म्हातारीने पोराला पुढे ढकललं. "म्याडमच्या पाया पड. तुज्या आईसाटनं पळत आल्या त्या."

पोर वाकलं. मी पाय मागे घेतले नाहीत.