चोवीस चाळीसची बोट

मिनिटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बस डेपोत चौतीस वर्षं त्यांनी गाड्यांची वेळापत्रकं बनवली. एखादी गाडी दोन मिनिटं उशिरा आली तरी ते ड्रायव्हरकडे असं बघत, जसं काही तो कुणाचं घर लुटूनच आलाय. नाव तिथेच पडलं. घरी त्यांच्या बायकोला, म्हणजे बाईंना, त्या नावाचं हसू येणं केव्हाच बंद झालं होतं.

बाई भूगोलाच्या शिक्षिका. त्यांच्या त्या थंड देशाच्या पार उत्तर टोकाला भर उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, हे त्यांनी एकतीस वर्षं शिकवलं. पहिल्याच वर्षी मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं होतं, "बाई, तुम्ही पाहिलाय?" आणि बाई चक्क "हो" म्हणून गेल्या. एकदा तोंडातून गेलं ते गेलं, पुढे दर वर्षी तेच रेटावं लागलं. निदान मरायच्या आधी ही थाप खरी करून टाकावी, एवढी एकच हौस त्यांची उरली होती. मिनिटराव दर वर्षी "बघू" म्हणत. यंदा फेब्रुवारीत मात्र स्वतःहून म्हणाले, "या उन्हाळ्यात जाऊ. आपल्याच गाडीने. हिवाळ्याच्या आत गाडी विकून टाकायची आहे." का विकायची, ते सांगितलं नाही. बाईंनीही खोदून विचारलं नाही. जायचं ठरलं होतं ना, मग झालं.

पण ठरलं कसलं! स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशे पसरले ते चार महिने उचलले गेले नाहीत. जेवायची ताटं मांडीवर आली. एका लॉजला आठ प्रश्न लिहून पाठवले, उत्तर येईपर्यंत खोली दुसऱ्यानेच घेतली. दुसऱ्या लॉजचं फाटक कुठल्या बाजूला उघडतं ते कळेना म्हणून तेही बाद. आणि वर नियम असा की रोज साडेचारच्या आत मुक्कामाला पोचायचं.

"साडेचार?" बाई म्हणाल्या. "अहो, कोंबड्यासुद्धा जाग्या असतात तेव्हा! उजेड असेपर्यंत तरी चालवा."

"थांबे ठरलेत. आता हलवायचे नाहीत," मिनिटराव म्हणाले आणि पट्टीने रेघ मारली.

शेवटी सगळं जमलं. पाच दिवस गाडी, मग रात्री पलीकडच्या बेटावर जाणारी बोट, आणि तिथे उत्तरेकडे खिडकी असलेली एक खोली. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी बाईंनी सहज बेटावरच्या लॉजच्या मालकिणीला फोन लावला, कधी पोचतो ते सांगायला. तिने तिकिटावरची तारीख विचारली. बाईंनी वाचून दाखवली, तेरा तारीख, शून्य चाळीस.

"पण ती बारा तारखेच्या मध्यरात्रीनंतरची बोट," मालकीण म्हणाली. "तुम्ही तर किनाऱ्यावर तेरा तारखेच्या संध्याकाळी येणार ना? बोट आदल्या रात्रीच गेलेली असेल. पुढच्या तीन आठवड्यांत बोटीवर गाडीला जागाच नाही हो."

तीन आठवड्यांनी तिकडे सूर्य मावळायला लागतो. हे मालकिणीने सांगायची गरज नव्हती.

बाईंनी तिकीट टेबलावर आपटलं. मिनिटरावांनी चष्मा लावून ते तीनदा वाचलं, आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. डेपोत शेवटची गाडी परत येईपर्यंत दिवस संपत नसे. रात्री बारा चाळीसच्या फेरीला तिथे चोवीस चाळीस म्हणायचे आणि ती जुन्याच तारखेत धरायचे. तेराची रात्र म्हणून त्यांनी बिनधास्त तेरा तारीख निवडली होती.

"चौतीस वर्षांत एक चूक नाही माझी," ते पुटपुटले.

"मग हीच बरी सापडली!" बाई भडकल्या. "फाटकं विचारत बसलात, थांबे मोजत बसलात, आणि तारीख? तारीख वाचता आली नाही? जाऊ दे. उठा. आत्ता निघू. आजची रात्र सलग चालवलीत तर एक दिवस भरून निघतो. बोट मिळते."

मिनिटराव उठले नाहीत.

"अहो, उठा ना! काय झालंय तुम्हाला?"

"रात्रीचं मला दिसत नाही गं," ते म्हणाले.

बाईंनी नकाशावरच्या पट्टीने मारलेल्या रेघांकडे पाहिलं.

"उजेड कमी झाला की रस्त्याची कडच कळत नाही. डॉक्टर म्हणाले, वाढत जाणार. पुढच्या वर्षी दिवसाही चालवू नका म्हणाले."

"कधी म्हणाले?"

"फेब्रुवारीत."

"आणि चार महिने मला थांबे ऐकवलेत! हे एवढं सांगायला तोंड नव्हतं तुम्हाला?" बाईंचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. "मी इथे रोज तुमच्या नावाने बोटं मोडतेय."

"तू एकदा म्हणाली होतीस, तिकडे अंधारच पडत नाही." ते बाईंकडे न बघता नकाशाची घडी सरळ करत होते. "तुझा सूर्य बघायचाच होता. पण मला एकदा, शेवटचं, घड्याळाला न घाबरता गाडी चालवायची होती. रात्री अकरा वाजता, एकच्या ठोक्याला, कधीही."

बाईंना राग आवरेना आणि रडूही आवरेना. त्या खुर्ची ओढून बसल्या, नाक पुसलं, आणि नकाशा हिसकावून आपल्याकडे घेतला.

"बेट कशाला हवंय?" त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "भूगोल मी शिकवलाय. अलीकडच्या काठावरही सूर्य मावळत नाही. उद्या ठरल्याप्रमाणे निघायचं, साडेचारला तर साडेचारला थांबायचं. किनारा आला की तिथून पुढे मी एकही मुक्काम धरणार नाही."

"मग झोपायचं कुठे?"

"गाडीत. तुम्ही थकाल तेव्हा," बाई म्हणाल्या. "तोपर्यंत चालवा."