गळकं चेंबर आणि देवीचा नवस

कबुली द्यायचीच तर ती मुळापासून द्यावी. देवीवर माझा विश्वास नव्हता असं नाही, पण त्याहून जास्त विश्वास माझ्या हातातल्या पान्यावर होता. बत्तीस वर्षं बसच्या वर्कशॉपात इंजिनं उघडण्यात आणि बसवण्यात गेली. निवृत्त होऊन नवेगाव बांधजवळच्या आमच्या गावी धानाच्या चार बांध्यांशेजारी, म्हणजे भातखाचरांशेजारी, घर बांधलं, तरी लोक अजून मला मिस्त्रीच म्हणतात, आणि ते मला फार आवडतं. अशा माणसाच्या स्वतःच्याच जीपखाली रोज सकाळी तेलाचा ताजा डाग दिसावा, आणि दीड महिना झाला तरी तो थांबू नये! इंजिनाच्या तळाला तेल साठवणारी लोखंडी परात असते, तिला आम्ही चेंबर म्हणतो. चेंबर आणि इंजिन यांच्यामध्ये पॅकिंग बसवतात. तिथूनच तेल येत होतं, थेंब थेंब, रात्रंदिवस. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

हे सुरू झालं बायकोच्या आजारपणानंतर. पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला आणि तो इतका उलटला की तिला नागपूरला हलवावं लागलं. प्लेटलेट रोज खाली जात होत्या. डॉक्टर बोलायचे कमी आणि कागदाकडे बघायचे जास्त. दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून मी तिच्या माहेरच्या देवीला नवस बोललो. ती देवी चिचगडच्या पुढे जंगलात, मोहाच्या झाडाखाली. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण मी तिथे एकदाही गेलो नव्हतो. दरवर्षी रजा नाही म्हणायचो, आणि रजा दरवर्षी शिल्लक असायची. त्या दिवशी मात्र हात आपोआप जोडले गेले. बायको वाचली. दवाखाना आणि नंतर मुलीचं घर मिळून दोन महिने आम्ही नागपुरात काढले, आणि जीप तेवढे दिवस गावच्या पडवीत उभी होती.

गावी आल्या आल्या मी चारचौघांत सांगून टाकलं की नवस बोललोय, हिला देवीच्या दारी नेणार, माझ्याच जीपने आणि मीच चालवत. दुसऱ्या दिवशी जीप बाहेर काढली आणि तेल गळायला लागलं. मी चेंबर उतरवलं, नवं पॅकिंग बसवलं, बोल्ट आवळले. चार दिवसांनी पुन्हा डाग. पुन्हा उतरवलं, या वेळी सिलिकॉनही लावलं आणि बोल्ट आणखी आवळले. पुन्हा डाग. शेजारी दात काढून म्हणाला, "मिस्त्री, तुमी कुठं कुठं गेले ते तुमची गाडी रस्त्यावर लिहून ठेवून राहिली." वर म्हणाला, "माही कार न्या ना, देवीले काय फरक पडते?" मी म्हणालो, नवस म्हणजे नवस. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तशी माझी गत होती.

आणि इथे बायकोने माझ्यावर कडी केली. एके दिवशी तिने माझं ताट वाढलं, स्वतःला दोन पोळ्या घेतल्या आणि शांतपणे सांगितलं, "देवीच्या पाया पडेपर्यंत मले भात नको." धानाच्या मुलखात भात सोडणं म्हणजे काय ते बाहेरच्याला कळणार नाही. आमच्याकडे दहा पोळ्या खाल्ल्या तरी भात झाला नाही तर जेवण झालं असं कुणी म्हणत नाही. त्यात धान नुकतंच मळून झालेलं, घरात नव्या तांदळाचा वास भरलेला, आणि ती आजारातून उठलेली, मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. तिला पोळी उतरायची नाही. अर्धी खायची आणि बाजूला सारायची. आता लाजेची गोष्ट सांगतो. मी रोज दोन वेळा भात खात होतो. तोही तिच्याच हातून वाढून घेत होतो, आणि जेवून उठलो की पुन्हा जीपखाली जाऊन पडत होतो. पंधरा दिवस हे असं चाललं.

तिसऱ्यांदा पॅकिंग बदललं आणि निघालोच. सोबत तेलाचा डबा, एक पातेलं, आणि आमच्याच बांधीतला तांदूळ. सकाळची थंडी होती, रस्ता जंगलातला, आणि माहेर जवळ येत होतं म्हणून बायको भलतीच खुशीत होती. कुठल्या वळणावर तिच्या बापाची बैलगाडी उलटली होती तेही तिने दाखवलं. चिचगडच्या थोडं अलीकडे स्टिअरिंगसमोरचा, तेल कमी झाल्याचा लाल दिवा लागला. मी एका खेड्याच्या तोंडाशी, धान भरडायच्या चक्कीसमोर जीप थांबवली आणि खाली वाकून पाहिलं. चेंबर तेलाने न्हालं होतं.

पाना घेऊन मी खाली शिरलो आणि पहिल्या बोल्टला लावला. आणखी आवळला असता तर आटेच गेले असते, हे माझ्या हाताला कळत होतं. वर्कशॉपात एखाद्या शिकाऊने असं केलं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं. तिथे पाठीवर पडल्या पडल्या मला आठवलं की दवाखान्याच्या जिन्यात मी देवीला फक्त एवढंच म्हणालो होतो, हिला बरी कर, मी हिला तुझ्याकडे घेऊन येतो. जीपचं नावही काढलं नव्हतं. जीप मी गावात मिरवण्यासाठी मागाहून जोडली होती. माझ्या मिरवण्यापायी ती पंधरा दिवस अर्धपोटी होती. मनात म्हटलं, देवी, माझं चुकलं, आता तू नेशील तसं येतो. मग पाना खाली ठेवून बाहेर आलो आणि बायकोला सगळं सांगून टाकलं. बस मिळाली तर बसने, नाहीतर चालत जाऊ, असंही म्हणालो.

मला वाटलं ती रागावेल. ती हसायला लागली. "मले माहीत होतं. देवीले तुमच्या गाडीचं काय करा लागते?"

"मग भात कायले सोडला तू?"

"नवस फिटाव म्हून नाई सोडला. तुमचा हट्ट सुटाव म्हून सोडला."

देवीकडे तिने मागितलं होतं ते माझ्यासाठी, आणि उपास काढला होता तोही माझ्यासाठी. मी डोळे पुसले तर हाताचं काळं तेल गालाला लागलं, आणि त्यावर ती आणखी हसली.

तेवढ्यात चक्कीतून एक बाई बाहेर आली. पन्नाशीची असेल. डोक्यापासून पायापर्यंत कोंड्याने पांढरी झालेली, भुवयासुद्धा. तिने जीपखाली नजर टाकली आणि विचारलं, "भाऊ, तेल खाली गळून राहिलं म्हून तुमी खालीच पाहून राहिले का? वरची नळी पाहिली का?"

बायको घाईघाईने म्हणाली, "हे मेकॅनिक हायेत, बाई. बत्तीस वर्सं."

"मंग त्यायले माहीतच असन," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून तर जास्त लागलं. चक्कीच्या इंजिनानेही एकदा असंच तेल फेकलं होतं, तळाचं पॅकिंग तीनदा बदललं, आणि शेवटी वरच्या नळीत कुंभारनीनं मातीचं घर केलेलं निघालं, असं तिने सांगितलं.

इंजिनात कोंडणारी हवा बाहेर जायला एक नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. ती बुजली की हवा तेलाला ढकलते आणि जिथे फट मिळेल तिथून तेल बाहेर पडतं. हे मी कितीतरी शिकाऊ पोरांना फळ्यावर काढून शिकवलं होतं. इंजिन चालू ठेवून तेलाचं टोपण सैल केलं, तर आतल्या वाफेने ते हातातून उडायला पाहत होतं. नळीचं तोंड इंजिनाच्या मागच्या अंगाला, सहज न दिसणारं. जीप दोन महिने उभी असताना कुंभारीण माशीने त्यात पक्कं घर बांधलं होतं. चक्कीवाल्या बाईने मोडक्या छत्रीची काडी आणून दिली. मातीची गोळी निघाली, इंजिनाने मोकळा श्वास टाकला. मी चेंबर पुसलं, तेल भरलं, इंजिन पाऊण तास चालू ठेवलं. एक थेंब पडला नाही.

ती बाई कोण होती, असं मला पुष्कळांनी विचारलं. ती चक्कीवालीच होती. परतताना आभार मानायला थांबलो, तर चक्की इतक्या जोरात चालू होती की तिला काही ऐकू गेलं नाही. तिने नुसता हात हलवला आणि पुन्हा धान ओतायला वळली. बायको म्हणते, देवी ज्याच्या तोंडून बोलायचं त्याच्या तोंडून बोलते. मी वाद घालत नाही. मला एवढंच दिसतं की पाना खाली ठेवला त्याच घडीला सांगणारं माणूस पुढे आलं. त्याआधी कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. शेजाऱ्याचं तरी कुठे ऐकलं होतं? सोडून देणं म्हणजे हात झटकून बसणं, असं मी आजवर समजत होतो. आता वाटतं, आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टीसुद्धा कुणाकडून तरी पुन्हा कळाव्या लागतात, आणि त्या ऐकण्याइतकं रिकामं व्हावं लागतं.

मोहाखाली शेंदूर लावलेले तीन दगड, एवढीच ती देवी. मी चौतीस वर्षं न वाकलेलं डोकं तिच्यापुढे टेकवलं. बायकोने चूल मांडली, भात शिजवला, देवीला दाखवला आणि सवयीने माझ्यासाठी पान मांडायला लागली. मी तिच्या हातातला पळा घेतला आणि तिला बसवलं. वाफाळता भात तिच्या पानावर घातला. तिने पहिला घास घेतला आणि डोळे मिटून सावकाश चावला. मग म्हणाली, "अजी, आनखी वाढा." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला जेवायला वाढण्याची माझी ती पहिलीच वेळ होती.